चाळीस हातांचं शीड

आगरदांडा,
पौष महिना

प्रिय बाबा,

शाळेत मास्तरांनी 'तीर्थरूप' लिहायला शिकवलं होतं. पण तुला मी जन्मात कधी 'तुम्ही' म्हटलं नाही, मग आता तू गेल्यावर काय म्हणू? रागावू नकोस. बातमीच अशी आहे की मला एका जागी बसवत नाही. उद्या सकाळच्या भरतीला धाकू तांडेलाचं गलबत, आपली 'जयवंती', झांजिबारला निघालं! आजवर कौलं घेऊन मुंबई नि मंगळूर करणारी जयवंती यंदा थेट समुद्र ओलांडून आफ्रिकेला चालली आहे. आणि तिच्या डोलकाठीवर शीड कुणाचं? आपलं! तू मापं सांगितलेलं आणि मी शिवलेलं. हे तुला कळवल्याशिवाय मला चैन पडेना.

धक्क्यावर नुसती जत्रा आहे रे. गलबताच्या पोटाला तेल-चुना लावून झाला, पाण्याची पिंपं चढली, तांदूळ, कांदे, चिंच आणि सुके बोंबील चढले. वास थेट दिघीपर्यंत जात असेल. खलाशी नऊ. स्वयंपाक करणारा बाळ्या पाटा-वरवंट्यावाचून निघायला तयार नाही. तांडेल म्हणतो, "आरं, दगड कशाला? आदीच वजन काय कमी हाय?" तर बाळ्या म्हणतो, "वाटप न्हाय तर कालवन न्हाय, नि कालवन न्हाय तर मी न्हाय." शेवटी पाटा चढला!

नवव्या खलाशाचं नाव ऐकून तू भुवई चढवशील. आपला गणू. होय, तुझाच मुलगा. त्यानं दाभण टाकून वल्हं धरलं म्हणून तू वर्षभर त्याच्याशी बोलला नाहीस. "लांब हाताचा नि रिकाम्या डोक्याचा," असं चारचौघांत म्हणायचास. का रे एवढा हट्ट? शेवटच्या आजारात तो उंबऱ्याशी बसून राहायचा आणि तू भिंतीकडे तोंड करायचास. तुझं सगळं मला आवडायचं, पण हे नाही आवडलं. आज सांगून टाकते.

आता शिडाचं ऐक. पडल्या पडल्या तू मला मापं पाठ करून घेतलीस, आठवतं? "वरची कड चाळीस हात. इसरू नको गो चंद्रे." मी कशी विसरेन? तू गेलास आणि तेराव्यानंतर मी कापडाचं ठाण उलगडलं. धाकू तांडेल आधी कां कूं करत होता. "बायमानसाच्या हातचं शीड दर्यापार न्यायचं म्हंजी..." आई मासळी निवडता निवडता उठली. "एवडी वर्सं टाकं कोन घालत व्हता? माप हिच्या बाचं, पन टाका हिचाच. तुजं शीड कदी उसवलं काय रं?" तांडेल कबूल झाला. पण जाता जाता बोललाच, "जमलं न्हाय तर मुंबयवरनं तयार शीड आनीन."

मग मी जिद्दीनंच बसले. चाळीस हात मोजून कापलं आणि एकेक पाट, म्हणजे कापडाचा लांब पट्टा, जोडत गेले. अंगठ्याला घट्टे पडले. आणि बाबा, शेवटी कापड उरलं! मी आईला म्हटलं, "बघ, बाबापेक्षा मी काटकसरी." गावभर सांगत सुटले. उरलेल्या कापडाची आईनं गणूच्या अंथरुणाला पिशवी शिवली.

गेल्या आठवड्यात शीड वाळूवर अंथरलं आणि वर ज्याला बांधायचं ते परबाणाचं लांब लाकूड त्याच्या कडेला ठेवलं. अर्धा गाव जमला होता. एक टोक जुळवलं आणि दुसऱ्या टोकाकडे पाहिलं, तर शीड तीन हातांहून जास्त आखूड! बाबा, मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. कुणी हसलंसुद्धा नाही. तांडेल एवढंच म्हणाला, "चार दिस हायेत. न्हायतर मुंबयला मानूस धाडतो." म्हणजे तुझं नाव, माझे सगळे दिवस आणि पुढची सगळी कामं, एका फटक्यात गेली असती. तुझ्या मागं या घरात शिडं शिवली जाणार की नाही, हेच ठरायचं होतं.

मी पुन्हा मोजलं, तर बरोबर चाळीस. तिसऱ्यांदा मोजलं, तरी चाळीस! वेड लागायची वेळ आली. मग तुझ्या मापाचं जुनं शीड काढलं, ते गलबताच्या पुढच्या टोकाचं लहान, बारा हातांचं. ते मोजलं तर तेरा भरलं. मी म्हटलं, "आये, बाबानं बाराचं तेरा कसं केलं?" आई काम टाकून जवळ आली. मग माझा हात धरून कोपरापासून बोटांपर्यंत चाचपला आणि कपाळावर हात मारून म्हणाली, "अगो, तुज्या बाचा हात तुज्याएवडा व्हता काय?"

दोन बोटांचा फरक, बाबा! एका हाताला दोन बोटं! आयुष्यभर माप तू घेतलंस नि टाके मी घातले, त्यामुळे आपले हात कधी शेजारी ठेवून बघायची वेळच आली नाही. माझी काटकसर ती हीच! तू तरी सांगायचंस ना, की चाळीस हात, पण माझे?

आता तुझा हात आणायचा कुठून? आईनं दाराकडे पाहिलं. तिथं गणू उभा होता, लांब हाताचा. तो आत आला, त्या जुन्या शिडाशी बसला आणि कोपर टेकवून मोजू लागला. बरोबर बारा. ना बोट जास्त, ना बोट कमी. गणूनं आपल्या हाताकडे पाहिलं आणि ढसाढसा रडला. मीही रडले. तू एवढा रुसलास, पण तुझा हात त्याच्याकडेच ठेवून गेलास.

मग चार दिवस आम्ही दोघं वाळूवर. कडेचा दोर उसवला. उरलेलं कापड होतंच, त्यात गणूच्या अंथरुणाची पिशवीही गेली. तीन पाट जोडले. माप त्यानं घेतलं, टाके मी घातले, आणि दाभण टोचला की तो तुझ्याचसारखा शिव्या देई. उंचीला, माझ्याच हातानं मोजलेलं म्हणून, शीड जरा आखूडच राहिलं. तांडेल मान वाकडी करून म्हणाला, "चालंल. खलाश्यांचं पाय मोकळं ऱ्हातील."

काल शीड चढवलं. जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा सुटला होता. आधी नुसतं फडफडलं. मग एकदम भरलं, बाबा! एक सुरकुती नाही! खाडीच्या तोंडापर्यंत जाऊन जयवंती परत आली. तांडेलानं धक्क्यावर पाय ठेवला आणि चारचौघांत विचारलं, "चंद्रे, पुढल्या वर्साचं शीड कदी देतेस?"

गणू परतेल तो वैशाखात, वारा फिरला की. मापाला आपल्या हाताएवढी सागाची काठी कापून ठेवू का, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, कापू नको. तू काळजी करू नकोस, बाबा. पुढचं शीड मी पहिल्या कापापासून माझ्याच हातानं मोजीन, हा माझा शब्द. आज सकाळी बसून हिशेब लावून ठेवला आहे. तुझे चाळीस, ते माझे त्रेचाळीस नि वर आठ बोटं.

तुझी,
चंद्री