अक्का, नाव का नाही घेतलंस?

प्रिय नरसक्का,

आज चाळीत पेढे वाटले. आपल्या भाषेचं राज्य आलं म्हणून लालबागभर तोरणं लागलीत. मोर्च्यात लाठी खाल्लेले आमचे हे सकाळपासून घरात नाहीत. मला मात्र पेढा गिळवेना. समोर तुझ्या खोलीत आता तुझी धाकटी बहीण राहते, लक्ष्मी. ती दाराला टेकून बसलीय. तान्हं रडतंय, तरी बघत नाही. तू बसायचीस अगदी तशी.

तुझं बाळ गेलं आणि तू जेवेनाशी झालीस. मी विचारायचे, "तिन्नावा?" जेवलीस का, एवढंच तेलुगू मला येई. त्यावर तू घडाघडा बोलायचीस. मला कुठलं कळायला? मी आपली भात कालवून पुढ्यात ठेवायचे.

मग तुझे यजमान मल्लेशभावजी आणि मी तुला डोक्याच्या इस्पितळात नेलं. डॉक्टर इंग्रजीत विचारणार, नर्स ते हिंदीत सांगणार, आणि भावजी मोडक्यातोडक्या हिंदीतून ते तेलुगूत तुझ्यापर्यंत नेणार. डॉक्टरांनी त्यांच्याकडे बोट दाखवून विचारलं, यांचं नाव काय? बिचाऱ्या भावजींनाच तुला विचारावं लागलं, माझं नाव काय म्हणून! तू पदर तोंडाला लावलास आणि खाली मान घातलीस. भावजींना बरंच वाटलं. चारचौघांत बायकोनं मान राखला.

बाहेर आल्यावर आयानं सांगितलं, "नवऱ्यालाही ओळखत नाही, म्हणून ठेवून घेतलंय."

अगं, ओळखत नाही? संक्रांतीला मी पाठ करून घेतलेल्या उखाण्यात तू त्यांचं नाव घेतलं होतंस, तेही लाजून. मी आत शिरून सांगायला लागले, तर नर्स म्हणाली, नातेवाईक नाही ना, मग बाहेर बसा.

एकदा तरी घ्यायचंस गं नाव. तिथं कोण ऐकणार होतं तुझ्या सासरचं?

त्या वॉर्डात तेलुगू कुणालाच येत नव्हतं. तू आधी हाका मारायचीस, मग बोलणंच टाकलंस. दिवाळीच्या आत गेलीस. भावजी गावी निघून गेले. मला अजून तुझा राग येतो, आणि मग रडू येतं.

मघाशी खोलीत कुणी नव्हतं. उखाण्याशिवाय आमच्या यांचं नाव मोठ्यानं घ्यायला गेले. नाही आलं तोंडातून.

उद्या लक्ष्मीला दवाखान्यात नेतेय. विचारलं तर बहीण आहे म्हणून सांगेन, आणि आतच बसेन. नवऱ्याचं नाव ती घेणार नाही, ठाऊक आहे मला. तिच्या नवऱ्याचं नाव मी घेईन.

तुझी,
समोरच्या खोलीतली सुशीला