मिनेगिशीच्या खांद्याचा कागद

मी, त्सुनेओ कुरामोची, वय एकाहत्तर, राहणार ओनोमिची, ‘ओनोमिची क्रेन्स’ या बेसबॉल संघाचा निवृत्त व्यवस्थापक, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाविना स्वहस्ते लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. मंगळवारी माझे हृदय उघडणार आहेत आणि मी फार घाबरलो आहे. कायद्याला याची गरज नसेल, तरी लिहून ठेवतो.

१. घर आणि बँकेतली शिल्लक मुलगी चिझुरु हिला. नऊ वर्षांत ती माझ्याशी धड नऊ वाक्ये बोललेली नाही. त्याने तिचा हक्क कमी होत नाही.

२. मैदानाची निगा राखणारा गेन्पाचि या पत्राचा साक्षीदार आहे, म्हणून त्याला काही ठेवता येत नाही. माझा कॅचरचा ग्लव्ह मी त्याला कालच जिवंतपणी देऊन टाकला. सहा वर्षे मी दुय्यम संघात कॅचर होतो, मुख्य संघात एकही डाव मिळाला नाही. मग ऑक्टोबरात फोन आला, “उद्या दहाला कचेरीत या. सूट घालून या.” आमच्याकडे खेळाडूला काढतात ते असे. सूट म्हटले की पुढचे ऐकावे लागत नाही. मला त्यांनी तिकिटाच्या खिडकीत बसवले. तिथून संघाच्या बसमधले सामान, मग अठरा वर्षे शाळाशाळांच्या मैदानांवर पोरे हेरत हिंडणे, आणि शेवटी खेळाडू घेण्या-काढण्याचे सगळे खातेच माझ्याकडे आले. मग दर ऑक्टोबरात तो फोन मी करू लागलो. मला पाहिले की गेन्पाचि ओरडायचा, “आला रे यमदूत! माझ्या गवताला तरी फोन करू नकोस, बाबा!” मी हसायचो. परवा इस्पितळातून फोन आला, “घरचं माणूस घेऊन या,” तेव्हाही पुढचे ऐकावे लागले नाही.

३. माजी प्रशिक्षक इवाताते यांना काहीही देऊ नये. माझी छत्री त्यांच्याकडे आहे, तेवढी पुरे.

४. जावई वातारु मिनेगिशी. चेंडू फेकणारा हा पिचर मीच शाळेत हेरला. त्याच्या आईला शब्द दिला होता, “पोराचा हात मी जपेन.” नऊ वर्षांपूर्वी ऑगस्टात संघाच्या डॉक्टरांचा कागद आला: खांद्यातला स्नायू फाटला आहे, खेळ ताबडतोब थांबवा. आम्ही तिसऱ्या क्रमांकासाठी झुंजत होतो. मी कागद ड्रॉवरमध्ये टाकला. खांदा दुखतो असे तो सांगायला आला, तेव्हा म्हणालो, “वय झालं, दुसरं काही नाही.” त्यानंतर तो अकरा सामने खेळला आणि ऑक्टोबरात त्याला फोन मीच केला. नवऱ्याला काढले म्हणून चिझुरु रागावली आहे. खरे काय ते दोघांनाही माहीत नाही. आज त्याचे उदोनचे, म्हणजे जाड शेवयांचे, दुकान आहे आणि पीठ तो डाव्या हाताने मळतो. मूळ कागद सोबत जोडला आहे.

५. शस्त्रक्रियेआधी इस्पितळाला हमीदाराची सही लागते. चिझुरुने फोन उचलला नाही. काल दुकानात गेलो.

“साहेब, चेहरा का उतरलाय?” वातारुने समोर वाडगा ठेवला. तो अजून मला साहेबच म्हणतो. मी सांगितले.

“हात्तिच्या, एवढंच ना? सोमवारी येतो, करतो सही. चिझुरुला समजावतो मी. तुम्ही आधी खा बघू, गार होतंय.”

मी वाडगा तसाच ठेवून उठलो.

६. हे पत्र माझ्या मृत्यूनंतर उघडावे, मी वाचलो तर जाळावे, असे आधी लिहिले होते. ते खोडले आहे. सोमवारी सकाळी, सहीच्या आधी, ओकुदाबाईंनी हे पत्र त्या कागदासह वातारुच्या हातात द्यावे. त्यांनी माझ्या कचेरीत तीस वर्षे काढली आहेत, त्या स्पष्ट विचारतात. म्हणाल्या, “आणि त्यानं सही नाही केली तर?”

तर शस्त्रक्रिया होणार नाही. मला दुसरा हमीदार नाही. मला मरणाची भीती वाटते, फार वाटते. रविवारी मी घाबरून हे पत्र परत मागायला येईन. ओकुदाबाईंनी दार उघडू नये.

सही व शिक्का: त्सुनेओ कुरामोची

साक्षीदार: सुमिए ओकुदा, गेन्पाचि हिरोकाने

ओनोमिची, शुक्रवार, १२ ऑक्टोबर २०१८