एक्कावन्न भांड्यांवरचे नाव

तथागतांना वंदन करून मी, चांगदेव धोंडीबा वाव्हळ, वय ४९, धंदा भांड्यांवर नावे घालणे, राहणार जुन्नर, हा कागद लिहितो. शिक्षण गावच्या शाळेत सातवीपर्यंत. अक्षर चांगले आहे, त्याच्यावरच पोट भरले. येत्या सोमवारी पुण्याला माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डोके ठिकाणावर आहे. हा कागद लिही म्हणून कोणी धमकावलेले नाही. लिहू नको म्हणून एकाने धमकावले, त्याचे नाव पुढे येईल. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१) जुन्नरमधले दोन खोल्यांचे, पुढे ओटा असलेले घर मी १९९४ साली स्वतःच्या कमाईतून बांधले. वडिलोपार्जित काही नाही. वडील दुसऱ्यांच्या शेतात राबले. त्यामुळे घर कोणाला द्यायचे हे ठरवण्याचा हक्क माझा एकट्याचा आहे. माझ्यामागे हे घर माझी सून तेजस्विनी हिचे. मुलगा रत्नदीप याचा त्यात हक्क नाही, आणि तिच्या परवानगीशिवाय त्याने उंबरा ओलांडू नये. घरातल्या सामानाची यादी सोबत जोडली आहे.

२) मुलाला डावलताना 'तो व्यसनी असल्याने' असे लिहिण्याची पद्धत आहे. माझा मुलगा व्यसनी नाही. दारू नाही, सुपारीसुद्धा नाही. चाकणच्या बाजूला कारखान्यात सुपरवायझर आहे. रविवारी विहारात पंचशील तोच सांगतो, बाकीचे त्याच्यामागून म्हणतात. पहिलेच शील जिवाला इजा न करण्याचे. मागच्या वर्षी फेब्रुवारीत ते सांगून तो घरी आला, आणि भाजीत मीठ कमी म्हणून त्याने बायकोच्या तोंडावर तांब्या मारला. भुवई फुटली. माझी नात उत्पला, तेव्हा तीन वर्षांची, ताटावर बसली होती. हे पहिल्यांदा झाले नव्हते. आधीच्या वेळी मी उठून ओट्यावर जाऊन बसत असे. हेही कागदावर असावे.

३) त्याच दुपारी तेजस्विनी मुलीला कडेवर घेऊन मंचरच्या एसटीत बसली. मंचरला 'ओसरी' नावाचे बायकांसाठीचे केंद्र आहे. दोन खोल्या, एक मोरी, एक फोन. ज्योत्स्नाताई ते चालवतात. तिथला स्वयंपाक झुंबरबाई करते. ती स्वतः सहा वर्षांपूर्वी आहुप्याहून अर्धी वाट चालत तिथे आली होती. या बायकांनी माझ्या सुनेच्या भुवईला टाके घालून आणले, तक्रार लिहायला तिच्याबरोबर गेल्या, नातीला अंगणवाडीत घातले. आमच्या विहार समितीचे अध्यक्ष गेणभाऊ मात्र मला बोलावून म्हणाले, "चांगदेव, घरातलं घरात मिटवायचं असतंय. त्या केंद्रवाल्या बाया संसार मोडत्यात. समाजाची लई बदनामी व्हती."

भुवई फोडली तेव्हा समाजाची बदनामी झाली नाही. ती शिवली तेव्हा झाली.

४) आता भांड्यांविषयी. २००१ साली लग्नात तेजस्विनीचे वडील चिमाजी, निरगुडसरचे, मोलमजुरी करणारे, यांनी संसाराची एक्कावन्न भांडी दिली. ज्या इंदरचंदशेठच्या दुकानाच्या पायरीवर मी बसतो तिथूनच घेतली. नावे घालायला माझ्यासमोर मांडली आणि विचारले, "पावणं, नाव कुणाचं टाकायचं? पोरीचं टाकता का?"

मी हसलो. म्हणालो, "पोरीचं नाव लग्नात बदलतंय, राव. ज्याचं घर, त्याचं नाव."

तेही हसले. मी मुलाचा बाप होतो, हसण्यावाचून ते काय करणार? दोन दिवस बसून मी एक्कावन्न भांड्यांवर 'रत्नदीप चां. वाव्हळ' असे घातले.

ती घर सोडून गेल्यावर तीन महिन्यांनी ज्योत्स्नाताई आणि एक हवालदार तिच्याबरोबर भांडी न्यायला आले. रत्नदीपने एक पातेले उचलून तिच्यासमोर धरले.

"शाळा शिकलीस ना? वाच. कुणाचं नाव हाय?"

ती वाचेना.

"वाच की! माझ्या बापानं सोताच्या हातानं टाकलंय. इचार त्याला."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी म्हणालो, "नाव त्याचंच हाय."

एवढेच. भांडी कोणी दिली, हे मी बोललो नाही. हवालदाराने वहीत तसेच लिहून घेतले. तेजस्विनी दोन साड्या आणि मुलीचा डबा घेऊन निघाली. मला ती मामा म्हणते. दारातून वळून म्हणाली, "मामा, तुमचं अक्षर लई चांगलं हाय."

५) पुढच्या आठवड्यात रत्नदीप कामावर असताना मी सगळी भांडी पोत्यांत भरून दुकानाच्या पायरीवर नेली. धातूवरचे अक्षर पुसत नाही. खरवडले तर पत्रा झिजतो, नाव पुन्हा उजेडात दिसतेच. म्हणून एक सोडून बाकी प्रत्येक भांड्यावर त्याखाली दुसरी ओळ घातली: 'तेजस्विनी हिचे. वडील चिमाजी यांनी दिले.' इंदरचंदशेठनी एक ताट उचलून दोन्ही ओळी वाचल्या. मग म्हणाले, "अठ्ठावीस वर्षं आपण दोघांनी हेच केलं, चांगदेव. माहेरची भांडी मी विकली, सासरचं नाव तू टाकलंस. एका पोरीला इचारलं न्हाई."

यातली पन्नास भांडी तेजस्विनीच्या मंचरच्या भाड्याच्या खोलीवर मी स्वतः पोचवली. ती माझ्या मिळकतीत नाहीत, कधीच नव्हती. एक राहिले आहे, त्याचे कलम पुढे आहे.

६) नावे घालायचे माझे विजेवरचे मशीन, जुन्या छिन्न्या आणि हातोडी 'ओसरी'ला द्यावी. भांडी पोचवायला गेलो तेव्हा झुंबरबाई म्हणाली होती, "भाऊ, हितं बाई येती ती अंगावरच्या कपड्यानिशी. खोली घेऊन दिली तरी भाकर भाजाया तवा नसतो." तेव्हापासून केंद्रातून स्वतःच्या खोलीत जाणाऱ्या प्रत्येक बाईला इंदरचंदशेठ तवा, पातेले आणि ताट देतात, आणि नाव मी घालतो. आता मी आधी विचारतो, कोणाचे टाकू. बहुतेक बाया सवयीने नवऱ्याचे नाव सांगतात. मग गप्प होतात. मी मशीन बंद ठेवून थांबतो. जो कोणी माझ्यामागे हे काम करील त्यानेही थांबावे, घाई करू नये. झुंबरबाईला मी मशीन धरायला शिकवले आहे. हात हलतो, पण अक्षर वाचता येते.

७) मी गेलो तर जलदानविधी साधा करावा. शोकसभेत गेणभाऊंनी भाषण करू नये. मागच्या महिन्यात ते घरी येऊन म्हणाले, "सुनेच्या नावावर घर केलंस तर तुझ्या मयताला एक माणूस येणार न्हाई." वर धमकीचा उल्लेख केला तो हाच. न येणाऱ्यांनी जरूर येऊ नये.

८) पत्नी जानकाबाई हिला पुढची खोली तहहयात. तिचे आणि सुनेचे जमेल की नाही, सांगता येत नाही. जानकाबाई या कागदाच्या विरोधात आहे. तिचे म्हणणे, "सुनेला घर, आन् माझा पोटचा गोळा उघड्यावर?" पोटच्या गोळ्याला पगार आहे आणि दोन धड हात आहेत. तक्रार त्या हातांचीच आहे. उत्पला आणि तिची आई उघड्यावर होत्या तेव्हा हा प्रश्न आमच्या घरात कोणी विचारला नाही. मीही नाही. आज महिना झाला, जानकाबाई माझ्याशी बोलत नाही. जेवायला मात्र वाढते.

९) मुलगा रत्नदीप यास: एक्कावन्नावे भांडे, म्हणजे तो तांब्या. त्यावरची ओळ तिला विचारून घालायची म्हणून ठेवली होती, पण तेजस्विनीने तो घेतलाच नाही. "ज्याच्या नावाचा हाय त्यालाच द्या," म्हणाली. म्हणून त्यावर मी दुसरी ओळ घातलेली नाही. नावाशेजारी पोचा आहे. तो मला काढता आला असता. काढलेला नाही, इतर कोणी काढू नये. माझ्याकडून त्याला मिळणारे एवढेच.

१०) या मृत्युपत्राची अंमलबजावणी ज्योत्स्नाताईंनी करावी.

येथपर्यंत काल लिहून झाले. आज सकाळी सही करायला कचेरीत निघालो, तर जानकाबाईने आतून तिचा पितळी हंडा आणून ओट्यावर माझ्यापुढे ठेवला. आमच्या लग्नातला, १९७८ चा. त्यावर माझ्या वडिलांचे नाव आहे.

"ह्यो माझ्या आईनं दिल्याला," ती म्हणाली. "तुमच्या बापाचं नाव कशाला ह्याच्यावर?"

मी म्हणालो, साक्षीदार कचेरीत थांबले आहेत.

"थांबू द्या की. कचेरी काय पळून जाती का? आदी ह्ये करा."

मी चप्पल काढली, मशीन जोडले. ती शेजारी बसून राहिली आणि एकेक अक्षर पूर्ण होईपर्यंत बघत होती. त्यामुळे कचेरीत पोचायला दुपार झाली. सोबतच्या यादीतून पितळी हंडा, नग एक, वजा करावा. तो माझा नाही.

हे सर्व मी वाचून, समजून सही करत आहे.

सही: चांगदेव धोंडीबा वाव्हळ

आमच्यासमोर त्यांनी सही केली, आणि त्यांच्यासमोर आम्ही:
१. इंदरचंद भिकचंद मुथा, भांड्यांचे व्यापारी, जुन्नर
२. राजरत्न किसन उघडे, शिक्षक, मढ

ठिकाण: जुन्नर
दिनांक: १० मे २००७