मामांच्या रीलची सर्व्हिसिंग

३ एप्रिल

नवी वही. जुनी हरवली, बहुतेक बसमध्ये. तिच्यात गेल्या वर्षीचे संकल्प होते, म्हणजे फार नुकसान नाही.

मामांकडे येऊन अकरा आठवडे झाले. आलो होतो चार दिवसांसाठी. मामी दिवसाआड विचारते, पुढचं काय ठरलं? मी म्हणतो, विचार चालू आहे. ती म्हणते, चालू दे, पण निदान चालता चालता दळण तरी घेऊन ये.

आज मात्र काम मिळालं. खरं काम. मामांच्या उजव्या हाताची थरथर वाढलीय. डॉक्टर म्हणाले, आता पायांत उतरेल, तोल राहणार नाही, नावेत बसायचं असेल तर ह्याच महिन्यात बसून घ्या. मामांनी तीस वर्षं आपल्या तळ्यात बास मासे धरलेत. एप्रिलमध्ये हे मासे अंडी घालायला काठाशी येतात. तीन आठवडे. मग परत खोल पाण्यात.

मामा म्हणाले, एकदा जाऊन येऊ. रॉड आणि रील तू तयार कर, नाव तू वल्हव, मासा मी बघतो.

म्हणालो, निर्धास्त राहा.

४ एप्रिल

माळ्यावरून सगळं खाली काढलं. गळाचे तीन रॉड, दोरी गुंडाळायची चार रील, एक मेलेली पाल. मामा म्हणाले, हिरवा रॉड आणि हे एक रील, बाकी वर टाक. कामं चार. एक, रीलचं हँडल डावीकडून काढून उजवीकडे लावायचं. म्हणजे रॉड धरायला डावा हात, फिरवायला उजवा. थरथरता हात फिरवायला चालतो, धरायला नाही चालत. दोन, रॉडच्या कड्यांमधून कापूस फिरवायचा. अडकला तर कडं तडकलंय समजायचं, तिथे दोरी कापली जाते. तीन, जुनी दोरी बदलायची. चार, रीलमध्ये दोन थेंब तेल.

अर्ध्या तासाचं काम आहे म्हणाले.

जुन्या लोकांना सगळं अर्ध्या तासाचं वाटतं. मधल्या काळात शास्त्र कुठल्या कुठे गेलंय. आधी नीट अभ्यास करणार.

६ एप्रिल, दुपारी

अकरा व्हिडिओ झाले. आता मला रॉडमधलं बरंच कळतं. किती वाकतो, कुठून वाकतो, कुठल्या माशाला किती ताठ लागतो. मामांचा हिरवा रॉड मऊ आहे. मोठा बास लागला तर झाडूसारखा वाकेल. हे त्यांना सांगितलं. ते म्हणाले, वाकायलाच असतो तो.

बारावा व्हिडिओ एकट्या माणसाने बेटावर झोपडी बांधल्याचा निघाला. चार भाग आहेत. तीन बघून झाले. झोपडी अवघड नाही.

८ एप्रिल

गळ विकणाऱ्या काकांच्या दुकानात गेलो. मामांचे जुने दोस्त. सगळे त्यांना गळवाले काकाच म्हणतात. त्यांच्याकडून एक आडवं रील ट्रायलसाठी आणलं. मोठ्या स्पर्धांमध्ये हेच वापरतात. गळ फेकला की दोरीवर अंगठा अलगद ठेवायचा, नाहीतर रील आपल्याच नादात फिरत राहतं आणि दोरीचा गुंता होतो. काका म्हणाले, नवशिक्याला हे नको, आणि ज्याचा हात हलतो त्याला तर अजिबातच नको. मी म्हणालो, काका, मामांना सरप्राइज द्यायचंय. ते म्हणाले, ते तर मिळणारच.

संध्याकाळी बिल्डिंगमागच्या पार्किंगमध्ये प्रॅक्टिस. पहिल्याच फेकीत गुंता. पार्किंगला उतार आहे.

९ एप्रिल

गुंता सोडवला. दिवसभर.

१० एप्रिल

परत फेकलं. वारा होता. गुंता. खालच्या मजल्यावरचे वकील विचारत होते, विणकाम शिकतोस का.

११ एप्रिल

मामीने आज स्वतःच कापूस घेतला आणि हिरव्या रॉडच्या कड्यांमधून फिरवला. तिसऱ्या कड्यात अडकला. लगेच गळवाल्या काकांकडून दुसरं कडं बांधून घेऊन आली. मी म्हणालो, मी उद्या करणारच होतो. ती म्हणाली, म्हणूनच मी आज केलं.

टोमणे मारायची तिला सवय आहे. मी मनावर घेत नाही. आडवं रील परत केलं. ते चांगलं आहे, पण आपल्या हवेत चालत नाही.

१२ एप्रिल

मामांच्या हातून कप पडला. मामीने तुकडे उचलले. मग मामा म्हणाले, परवाच्या रविवारी जाऊ. साडेपाचला निघायचं.

उद्या सगळं उरकणार. हँडल, दोरी, तेल. सकाळी सहाला उठणार. लिहून ठेवतो म्हणजे बांधील राहीन.

१३ एप्रिल

साडेनऊला उठलो. आता तेल आणायला निघतो. तासाभरात परत.

१६ एप्रिल

थोडा उशीर झाला. काय झालं ते नीट लिहितो, कारण घरात कुणी ऐकून घेत नाहीये.

तेलाच्या दुकानासमोर एक ट्रक पंक्चर झाला होता. ड्रायव्हर भला माणूस, एकटा. जॅक धरायला मदत केली. बोलता बोलता तो म्हणाला, घाटापलीकडे माल टाकून संध्याकाळी परत येतो, येतोस का, गप्पा होतील. मी घाटापलीकडे कधी गेलो नव्हतो. माल उतरवायला हमाल नव्हते. मग पाऊण दिवस थांबलो. मग दुसरा माल मिळाला. फोनची बॅटरी शनिवारीच गेली होती.

पण हात हलवत आलो नाही. ड्रायव्हरने ग्रीसचा अख्खा डबा दिला. ट्रकच्या चाकांना हेच लावतात. म्हणाला, ह्याने दहा टन फिरतात.

मामी म्हणाली, रविवारी पहाटे साडेपाचपासून टोपी घालून बसले होते. नऊला काढली.

रीलचं हँडल उजवीकडे लागलेलं होतं. मामांनी मी नसताना एकट्याने लावलं. मामी म्हणाली, दोन मिनिटांचं काम, त्यांना तास लागला, आणि स्क्रू दोनदा कपाटाखाली गेला.

आजपासून फालतूपणा बंद. पुढचा रविवार पक्का.

१७ एप्रिल

संपूर्ण सर्व्हिसिंग. रील पूर्ण उघडलं. दोन थेंब तेलाने काय होणार? दातेरी चक्रांना ग्रीस. दांड्याला ग्रीस. आत एक छोटं बेअरिंग असतं, हँडल उलटं फिरू नये म्हणून. ते अगदीच कोरडं होतं, बिचारं. त्याच्यात बोटाने दाबून दाबून भरलं. मामा दारातून म्हणाले, फार नको घालू. मी म्हणालो, ह्याने दहा टन फिरतात, मामा. ते भिंत धरून आत गेले.

जोडून टेबलावर फिरवून पाहिलं. लोण्यासारखं. एक वॉशर उरला. बहुतेक आधीपासूनच जास्त असावा.

१९ एप्रिल

नवी दोरी भरून आणली. फक्त दोरीचं चाक काढून नेलं होतं. गळवाले काका म्हणाले, अख्खं रील का नाही आणलंस, एक नजर टाकली असती. म्हणालो, सर्व्हिसिंग आमच्याकडे घरीच होते.

रस्त्याने येताना वाटलं, हाच धंदा करावा. रील सर्व्हिसिंग, घरपोच. नावाचा विचार केला. बोर्डाचा रंगही ठरवला.

२१ एप्रिल, रविवार

मी पाचला उठलो. नोंद असावी.

पाणी शांत होतं. मासे होते. काठच्या लव्हाळ्यात पाठी दिसत होत्या. पहिल्यांदाच डाव्या हाताने फेकत होते मामा. पहिली फेक नावेतच पडली, दुसरी माझ्या टोपीवर. मामा हसले. महिन्याभरात मी पहिल्यांदा पाहिलं. पाचवी फेक लव्हाळ्याच्या अगदी कडेला पडली, आणि दोरी ताणली गेली.

मोठा होता. हिरवा रॉड अर्धा वाकला. मामा पुटपुटत होते, ये बाबा, ये. रॉड डाव्या हातात घट्ट, उजवा फिरवत होता. थरथर होती पण फिरवत होता. तेवढ्यात माशाने ओढ घेतली आणि हँडल गरगर उलटं फिरलं. मामांच्या बोटांवर आपटलं. दोरी सैल. मासा एकदा पूर्ण पाण्याबाहेर आला, डोकं झटकलं, गळ टाकून दिला, गेला.

मी म्हणालो, फार ताकदवान होता, मामा, कुणालाही झेपला नसता.

मामांनी बोट तोंडात धरलं. रक्त येत होतं. मग आणखी दोनदा फेकलं. एक लहान लागला, तोही तसाच गेला. हँडल उलटं फिरायचं थांबेच ना. मामा म्हणाले, चल.

काठाला उतरताना त्यांचे पाय उचललेच गेले नाहीत. मी आणि तळ्यावरच्या चौकीदाराने उचलून बाहेर काढलं.

२२ एप्रिल

शांतपणे विचार केला. दोरी नवी असल्यामुळे झालं असावं. नवी दोरी निसरडी असते. गळवाल्या काकांनी सांगायला हवं होतं.

पुढच्या वर्षी मी स्वतः एक महिना आधीपासून

२४ एप्रिल

मामांनी गळवाल्या काकांना बोलावून घेतलं. म्हणाले, सगळं घेऊन जा, कुणी शिकणारा असेल त्याला दे. काकांनी हो-नाही केलं, मग बांधाबांध करू लागले. मी दोऱ्या गुंडाळत होतो.

मी सर्व्हिसिंग केलेलं रील हातात घेतल्यावर काकांनी हँडल पुढे-मागे हलवलं. थांबले. खिशातला छोटा स्क्रू-ड्रायव्हर काढून उघडलं. मग आतलं बोटावर घेऊन हुंगलं. म्हणाले, हे ट्रकचं ग्रीस आहे. आणि ह्या बेअरिंगमध्ये? हे कोरडंच ठेवायचं असतं, नाहीतर पकडत नाही, हँडल उलटं फिरतं. कुणी केलं हे?

मामा म्हणाले, मी. हात हलतो ना, जास्त पडलं.

काका रील पुसत राहिले. जाताना दारात मला हळूच म्हणाले, ह्या आजारात असं होतं, सांभाळून घे त्यांना.

मी मान हलवली.