टाच उचल!

४ डिसेंबर १९९६
टाच उचल! टाच उचल! — ओरडून ओरडून घसा बसला. पुतळीला वर्षभर सांगतेय, चढाईला जाताना पंजावर राहा. ही आपली अख्खं पाऊल टेकवून घासत चालते! बावीस वर्षं कबड्डी शिकवतेय मी, अशी ठोंबी पोर पाहिली नाही. रोह्याच्या जिल्हा स्पर्धेसाठी बारा नावं सोमवारी द्यायचीत. पुतळीचं खोडलं.

५ डिसेंबर
पुतळी रामवाडीच्या ग्राउंडवर आलीच नाही. कळलं वाटतं. बरं नाही वाटत.

७ डिसेंबर
तोंडावर सांगावं म्हणून तिच्या मिठागरावर गेले. ती आणि तिची आई इंदुबाई वाफ्याचा तळ तुडवत होत्या. मीठ धरायच्या आधी चिखल पायांनी दाबून दाबून घट्ट करतात. मी चपला काढून उतरले, सवयीने पंजावर — आणि सपशेल आडवी! दिवाळीची नवी साडी!

"पुतळे गो, बाईंना हात दे!" इंदुबाई हसून लोळायच्या बाकी. "टाच उचललीत ना बाई?"

म्हणजे कार्टी घरी माझी नक्कल करते तर!

पुतळी म्हणाली, "चिखलान टाच उचलली का मानूस पडतंच. पाय दाबून धरायचा, मंग कोन हालवत नाय."

कोण हलवत नाही? मी तिचा हात धरून ओढला. मग दोन्ही हातांनी. मग कंबरेला विळखा घालून. जागची हलली नाही! पंचेचाळीस किलोची पोर!

आणि मी हिला चढाई शिकवत बसले! हिची जागा कोपऱ्यात आहे. पकडीला!

८ डिसेंबर
सकाळपासून घरात येरझाऱ्या घालतेय. रोह्याची नमिता तीन वर्षं आम्हाला हरवतेय. धरली तरी दोघी-तिघींना फरफटत मधल्या रेषेपर्यंत नेते. आता पुतळीला ओढून दाखव म्हणावं! खोडलेलं नाव पुन्हा लिहिलं. सगळ्यात वर.

१६ डिसेंबर
सगळा संघ मिठागरावर! पुतळी शिकवतेय, मी शेवटच्या रांगेत. "बाई, तुमची टाच!" — चक्क ओरडली माझ्यावर. काय मजा आली! शिकवताना असं कधी वाटलं नव्हतं. पोटऱ्या मात्र भरून आल्यात, जिना चढवत नाही.

२९ डिसेंबर
आज पडले नाही!!

५ जानेवारी १९९७
जिंकलो! एका गुणाने!! शेवटची चढाई नमिताची. कोपऱ्यातून पुतळीने तिची कंबर धरली. नमिता ओढतेय, रेषा हातभर लांब. पुतळी हलेना. नमिताचा दम सुटला! मी मैदानात शिरून नाचले, पंचांनी हाताला धरून बाहेर काढलं.

परतीच्या एसटीत इंदुबाई शेजारी होत्या. पेढा देत म्हटलं, "बावीस वर्षांनी मला तुमच्या लेकीने शिकवलं बघा." त्या हसल्या. कोलाड फाटा मागे पडेपर्यंत पेढा हातातच होता. मग म्हणाल्या, "मी पन आलते याकदा तुमच्याकं. लग्नाआधी. बारा दिवस."

मला आठवेना.

६ जानेवारी
माळ्यावरून जुनी वही काढली. १९७५. "इंदू, मिठागर. टाच उचलत नाही. नाव कमी केलं."

अक्षर माझंच.