मगरीची हनुवटी

ती. वन्सं,

तुम्हाला आणि तुमच्या गुडघ्यांना नमस्कार. (हल्ली घरात त्यांचंच जास्त ऐकावं लागतं, असं तुम्हीच म्हणालात.) आम्ही नदीवरून सुखरूप परतलो. मी उन्हाने थोडी भाजले, तुमचे बंधू थोडे भिजले, कॅमेरा कोरडा आहे.

स्टुडिओ बंद केल्यापासून यांनी कॅमेऱ्याला हात लावला नव्हता. लोक पासपोर्टचा फोटोसुद्धा मोबाइलवर काढतात, यांना कोण विचारतंय! दिवसभर खिडकीत बसून वर्तमानपत्र वाचायचे, तेही कालचं. आतल्या आत विझत चाललेला माणूस बघवेना, म्हणून नावेतून प्राणी-पक्ष्यांचे फोटो काढायच्या सहलीत मीच दोघांची नावं घातली. जनावरं काही स्वतःचे फोटो स्वतः काढत नाहीत, एवढाच माझा विचार.

पण ज्याने जन्मभर नवरानवरी आणि रडकी बाळं स्टुलावर बसवली, त्याला समोरच्याला नीट बसवल्याशिवाय बटण दाबताच येत नाही, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. पहिल्याच वळणावर फांदीवर खंड्या. सगळ्यांचे कॅमेरे कटकट वाजले. हे डोळा लावून थांबले आणि स्टुडिओतल्या आवाजात म्हणाले, "हां, जरा इकडे बघा." खंड्याने बघितलं आणि उडाला. बगळ्यांना "मागचे जरा पुढे या" म्हणाले, तर मागचे-पुढचे सगळेच गेले. पिल्लाला पोटाशी धरलेल्या माकडिणीला, "बाळाचं तोंड इकडे करा, ताई." (तिने केलं हो! पण तोवर हे तिला केस सारखे करायला सांगू लागले होते.) नावाडी म्हणाला, "काका, अहो जंगल आहे हे, लग्नाचा हॉल नव्हे!" शेजारच्या बाई तर अशा फणफणल्या की मी कॉन्व्हेंटमधल्या मुलीसारखी गुडघे जुळवून सगळ्यांना सॉरी म्हणत बसले.

शेवटी चिखलात मगर दिसली. निपचित. यांना हवं तसं गिऱ्हाईक! "हनुवटी किंचित वर," हे म्हणाले. तिने जबडाच उघडला. सगळे मागे सरकले, हे पुढे झुकले, एक हात कोपरापर्यंत पाण्यात, आणि मी मागून यांचा कमरेचा पट्टा धरून. "छान. आता हलू नका." वन्सं, तो आवाज! नोकरीच्या अर्जाला फोटो हवा म्हणून मी पहिल्यांदा यांच्या स्टुलावर बसले, तेव्हा याच आवाजावर भाळले होते. (फोटोचं विचारू नका. नाव हलली. नुसतं आभाळ आलंय.)

परतताना त्या फणफणलेल्या बाईच केस सारखे करून म्हणाल्या, "माझा एक काढता का हो?" मग सगळी नाव रांगेला लागली. काठावरची जनावरं आमच्याकडे टकामका बघत होती, यांनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. असे हसत होते म्हणून सांगू!

घरी आलो आणि पुन्हा ती खिडकी.

तुमची,
धाकटी वहिनी

ता. क. : "मी फोटोत चांगली येत नाही" म्हणून तुम्ही आजवर यांना चुकवत आलात. गावातल्या सगळ्यांचे फोटो काढले, सख्ख्या बहिणीचा मात्र एकही नाही, हे यांच्या मनात फार आहे. आठवडाभर येऊन राहा ना.

ता. क. दुसरा : खरं म्हणजे विचारत नाहीये. तुम्हाला फोटो काढून हवाय, तसं तुमचं पत्र आलंय, असं मी आज सकाळी यांना ठोकून दिलं. तेव्हापासून खाली बंद स्टुडिओत दिवे पुसणं चाललंय. मागचा पडदा कोणत्या रंगाचा लावू, विचारत होते. मी म्हटलं, वन्संना निळा आवडतो. नसला आवडत, तर वाटेत आवडून घ्या.