न उघडलेले संदर्भ

पूनम सागर, मीरा रोड
४ मार्च २०२५

चि. संचितास आजीचे अ. आ.

पत्र पोचलं. फोन केला नाहीस ते बरं. स्पीकर लावल्याशिवाय मला ऐकू येत नाही, आणि स्पीकर लावला की तुझी आई स्वयंपाकघरातून उत्तरं देते.

मला कळलं ते असं. तुझ्या प्रबंधात जस्ताचा अणुभार लागला. तो घेतलास लॅबच्या भिंतीवरच्या जुन्या तक्त्यावरून, ६५.३९. कुठून घेतला तिथे नाव टाकलंस परदेशातल्या समितीच्या अहवालाचं, कारण तुझ्या आधीच्या पोरांनीही तेच टाकलेलं. प्रबंध देऊन झाल्यावर अहवाल उघडलास, तर त्यात ६५.३८. एवढासा फरक, आणि बाईसाहेबांची झोप उडाली. तोंडी परीक्षेच्या मॅडमना कळलं तर प्रबंध खोटा ठरेल, म्हणून गप्प बसू का विचारतेस.

मी चौथी शिकलेली, मला काय विचारतेस? पण ऐक. भाईंदरला भांड्यांच्या कारखान्यात मी काट्यावर बसायचे. रोज सकाळी पाच किलोचं वजन ठेवून काटा तपासायचा आणि वहीत तसं लिहून सही करायची. मी सही तेवढी करायचे. काल बरोबर होता म्हणजे आजही असणार. एक दिवस शेठने स्वतः वजन ठेवलं, काटा चाळीस ग्रॅम खोटा. माझी सही बघून शेठ म्हणाला की बाईने तर सकाळीच तपासलाय, म्हणजे दुपारपाळीच्या महिपतनेच बिघडवला. मी मान डोलावली. महिपतला कामावरून काढलं, तो पिशवी घेऊन फाटकातून गेला. तीस वर्षं झाली, अजून अवेळी बेल वाजली की मला वाटतं तोच आलाय.

उद्याच तुझ्या प्रबंधाच्या सरांना सांग. सांगताना रडू नकोस, अर्धं कळत नाही.

लोभ आहे तेवढा आहे, वाढवून मागू नये.

आजी


पुणे
११ मार्च २०२५

ती. आजीस सा. न.

सांगितलं. सर ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी संदर्भसूचीचं पान पुढे सरकवलं आणि अठरांपैकी किती स्वतः उघडून पाहिलेस असं विचारलं. मी म्हणाले, अकरा. मग माझ्यासमोरच त्यांनी मॅडमना फोन करून सगळं सांगितलं. आता गुरुवारी, वीस तारखेला अकरा वाजता मी अठराही संदर्भ घेऊन जायचं. ते बघून मॅडम ठरवणार, परीक्षा घ्यायची की प्रबंध परत करायचा. परत केला तर वर्ष गेलं, जूनमध्ये लागायची नोकरीही गेली.

नवा आकडा घालून सगळी गणितं पुन्हा केली, निष्कर्ष हलत नाही. पण राहिलेल्या सातांतला एक लेख मी लिहिलंय त्याच्या उलटंच सांगतोय.

महिपतकाकांचं आईला माहीत आहे का गं?

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझी संचिता


मीरा रोड
२० मार्च २०२५, सकाळचे अकरा

चि. संचितास अ. आ.

आत्ता तू आत गेली असशील. मला कुणाशी बोलवत नाही म्हणून लिहितेय. चहा दोनदा उतू घालवला.

तुझ्या आईला माहीत नव्हतं. परवा सांगितलं. तव्यावरची पोळी करपेपर्यंत ती माझ्याकडे बघत राहिली. मग महिपतचं गाव विचारलं. ते मी कधी विचारलंच नव्हतं. तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलतेय. चूक तिची नाही.

तो उलटा निघालेला लेख तू आधी काढलास की गठ्ठ्याच्या तळाशी ठेवलास, एवढंच डोक्यात फिरतंय. मीच तुला सांगायला लावलं. वर्ष गेलं तर ते माझ्यामुळे गेलं, हे मला कळतं.

तरी तुझा फोन यायच्या आत हे पोस्टात पडायला हवं. नंतर लिहिलं तर म्हणशील, आजी निकाल बघून बोलली. मला निकाल ठाऊक नाही. सांगितलंस ते बरं केलंस.

चप्पल घालते आता.

आजी